टांझानियाचा किनारा फिरायचाय? हॉटेलच्या आधी भरती-ओहोटी बघा

टांझानिया म्हटलं की बहुतेक लोक सेरेंगेटी, किलिमांजारो करतात आणि शेवटचे दोन-तीन दिवस झांझिबारला एखाद्या रिसॉर्टमध्ये पडून राहायला ठेवतात. मला हे खरंच पटत नाही, कारण ह्या देशाला जवळपास चौदाशे किलोमीटरचा किनारा आहे, त्यावर हजार वर्षांची जुनी बंदरं आहेत, बेटं आहेत, दार एस सलामसारखं धावतं शहर आहे आणि हे सगळं बघायला एक आख्खी वेगळी ट्रिप लागते. म्हणून हे फक्त किनाऱ्याबद्दल, प्राण्यांबद्दल एक अक्षर नाही (बरं, माकडं आणि कासवं येतील मध्ये).

आणि सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. इथे तुमची ट्रिप चांगली होणार की नाही हे हॉटेलच्या स्टारवर ठरत नाही, वारा आणि भरती-ओहोटीवर ठरतं. हे दोन कळले की कुठल्या महिन्यात जायचं, कुठल्या बाजूला राहायचं, बोट किती वाजता पकडायची, सगळं आपोआप सुटत जातं.

कधी जायचं

इथे दोन वारे चालतात. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून येणारा कासकाझी, आणि एप्रिलनंतर दक्षिणेकडून येणारा कुसी, जो जून ते सप्टेंबर जोरात असतो. ह्याच वाऱ्यांवर शेकडो वर्षं अरबस्तान, इराण, कच्छ-गुजरातची गलबतं इथे यायची, कासकाझीवर यायचं, व्यापार करायचा, आणि कुसी धरून परत. आज तुम्ही विमानाने जाणार पण वारा तोच आहे, त्यामुळे त्याचा हिशोब तुम्हालाही करावाच लागतो.

पाऊस पण दोन वेळा. मार्चच्या मध्यापासून मे पर्यंत मसिका, हा मोठा पाऊस, ह्यात बरीच हॉटेलं चक्क बंद असतात आणि गावातले कच्चे रस्ते चिखलात जातात, तेव्हा एप्रिल-मे सोडाच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वुली, म्हणजे छोटा पाऊस, एक-दोन तास कोसळून जातो आणि परत ऊन, त्यात फिरता येतं आणि रूमही स्वस्त मिळते. जून ते ऑक्टोबर हवा कोरडी, जरा गार, रात्री झोप चांगली लागते. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र उकाडा भयंकर, पण समुद्र कोमट आणि पाणी स्वच्छ. मला विचाराल तर ऑक्टोबरसारखा महिना नाही, कुसी ओसरलेला असतो, वुली यायचा असतो आणि माफिया बेटाजवळ व्हेल शार्क यायला लागलेले असतात. बायदवे, ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीच्या वेळी दार एस सलाममध्ये कर्फ्यू लागला होता आणि इंटरनेटही बंद झालं होतं, त्यामुळे जायच्या आधी महिनाभर तिथल्या बातम्यांवर नजर ठेवा.

भरती-ओहोटीचं गणित

हे नीट वाचा कारण झांझिबारला गेलेले अर्धे लोक इथेच नाराज होतात. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात तीन-चार मीटरचा फरक पडतो. पूर्व किनारा, म्हणजे पाजे, ज्यांबियानी, ब्वेजू, मातेम्वे, हा एकदम उथळ आहे, बाहेर लांबवर प्रवाळाची भिंत आणि आत सपाट वाळू. त्यामुळे ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की किनाऱ्यावरून समुद्र म्हणजे लांबची एक पांढरी रेघ दिसते. लोक फोटोत निळंशार पाणी बघून बुकिंग करतात, सकाळी उठतात तर समोर नुसती ओली वाळू.

आता आपल्याला हे सोपं आहे कारण आपल्याकडे कॅलेंडरवर तिथी छापलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा झांझिबारला साधारण सकाळी दहा-साडेदहाला पूर्ण ओहोटी आणि दुपारी चारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा फरक कमी, आणि वेळा उलट्या, सकाळी दहाच्या आसपास भरती, दुपारी चारला ओहोटी. मधल्या दिवसांत रोज वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. एवढ्या अंदाजावर प्लॅन करा आणि तिथे गेल्यावर रोजचं टाइड टेबल मोबाईलवर बघा नाहीतर हॉटेलच्या फळ्यावर लिहिलेलं असतं ते बघा.

ज्यांना दिवसभर कधीही पोहायचंय, लहान मुलं बरोबर आहेत, त्यांनी सरळ उत्तरेच्या टोकाला नुंग्वी किंवा केंड्वाला राहावं. तिथे किनाऱ्याजवळच पाणी खोल आहे म्हणून ओहोटीलाही पोहता येतं, आणि पश्चिमेला तोंड असल्यामुळे सूर्यास्तही समुद्रात. फक्त गर्दी, म्युझिक, बीचवर मागे लागणारे विक्रेते हे सगळं तिथे जास्त. शांतता हवी असेल तर ज्यांबियानी. काईट सर्फिंग शिकायचं असेल तर पाजे, डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत किंवा जून ते सप्टेंबर, वारा एकसारखा आणि पाणी कमरेएवढं, शिकणाऱ्याला अजून काय पाहिजे.

पण खरं सांगू का, ओहोटीला घरात बसू नका. ज्यांबियानीत पाणी मागे गेलं की वाळूत बायका उतरतात, डोक्याला रंगीत कांगा बांधलेला, कमरेएवढ्या नाहीतर गुडघाभर पाण्यात. वाळूत लाकडी खुंट्यांच्या रांगा ठोकलेल्या असतात, दोन खुंट्यांच्या मध्ये दोरी ताणलेली आणि त्या दोरीला वीतभर अंतरावर सुतळीने समुद्री शेवाळाचे छोटे छोटे झुबके बांधलेले. ह्याला म्वानी म्हणतात, १९८० च्या दशकाच्या शेवटी इथे ही शेती सुरू झाली आणि आजही ती मुख्यतः बायकांच्याच हातात आहे. एक बाई खाली वाकून जुनी गाठ सोडते, वाढलेलं शेवाळ पोत्यात टाकते, त्यातलाच एक तुकडा परत दोरीला बांधते आणि पुढच्या गाठीकडे सरकते, पाणी वळायच्या आत तिला रांग संपवायची असते. लांबून बघा, बोलायचं असेल तर आधी नमस्कार-चमत्कार करा, दोऱ्यांवरून चालू नका आणि न विचारता फोटो तर अजिबात नको. पाजेला बायकांचं एक केंद्र आहे जिथे ह्याच शेवाळापासून साबण वगैरे बनवतात, विकत घ्यायचं तर तिथून घ्या.

ओहोटीत चालायला जाताना पायात जाड सोलचे पाण्यातले बूट हवेतच. खडकांच्या फटीत काळे काटेरी सी अर्चिन असतात, काटा पायात मोडला की दोन दिवस बसून काढावे लागतात. आणि पाणी वळायच्या वेळेच्या आधी परत फिरा. पाणी समोरून लाट घेऊन येत नाही, ते आधी तुमच्या मागच्या खोलगट चॅनेलमध्ये भरतं, तुम्ही कोरड्या उंचवट्यावर उभे असता आणि किनारा तुटलेला असतो. म्हणून लोकल माणूस बरोबर असेल तर उत्तम.

स्टोन टाऊन

झांझिबारला उतरल्या उतरल्या बीचकडे पळू नका, दोन रात्री तरी स्टोन टाऊनमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात काढा. २००० पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी आत जात नाही, मॅपही गंडतो, आणि हरवणं हीच इथे फिरायची पद्धत आहे, कारण कुठूनही चालत राहिलात तर शेवटी समुद्र नाहीतर दाराजानी मार्केट लागतंच. दरवाजे बघत चला. वरून कमानदार, त्यावर पितळेचे टोकदार खिळे मारलेले दरवाजे भारतीय वळणाचे, आणि वरून सपाट, कुराणातल्या ओळी कोरलेले दरवाजे ओमानी वळणाचे. समुद्राकडेला जुना दवाखाना आहे, लाकडी कोरीव गॅलऱ्यांचा, तो थारिया तोपन नावाच्या कच्छकडच्या इस्माइली व्यापाऱ्याने बांधायला घेतला होता. त्याच किनाऱ्यावर पुढे हाऊस ऑफ वंडर्स, सुलतानाचा जुना राजवाडा, १८८३ चा, त्याचा एक भाग डिसेंबर २०२० मध्ये कोसळला, त्यामुळे ते बाहेरूनच.

म्कुनाझिनीला जे अँग्लिकन चर्च आहे ते चुकवू नका. इथे गुलामांचा बाजार भरायचा. १८७३ मध्ये तो बंद झाला आणि त्याच जागेवर चर्च उभं राहिलं. बाहेर जमिनीत खड्डा करून त्यात गळ्यात साखळदंड घातलेल्या माणसांचे पुतळे उभे केलेत, आणि शेजारच्या इमारतीखाली कोठड्या आहेत ज्यात उभं राहता येत नाही. तिथल्या प्रदर्शनाला तासभर द्या. हे जड आहे, मुलं लहान असतील तर आधी समजावून न्या, पण न बघता ह्या बेटावरून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण ह्या सगळ्या सुंदर वाड्यांचा पैसा लवंगांच्या मळ्यांतून आणि ह्याच माणसांच्या कष्टातून आलाय.

हलकं काही हवं असेल तर क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी इथलाच, ५ सप्टेंबर १९४६ चा जन्म, पारशी कुटुंब, शाळा मात्र आपल्या पाचगणीला. त्याच्या नावाचं छोटं म्युझियम आहे. चाहते असाल तर जा, नाहीतर बाहेरून फोटो पुरे.

संध्याकाळी फोरोधानी बाग. अंधार पडायच्या सुमारास टेबलं लागतात, गॅसबत्त्या नाहीतर बल्ब, सीफूडच्या काड्या रचून ठेवलेल्या. इथे भाव आधी ठरवा, प्रत्येक काडीचा, आणि सकाळपासून रचलेलं वाटतंय असं काही घेऊ नका, समोर भाजून देतात तेच घ्या. आलं-लिंबू घातलेला उसाचा रस मस्त असतो. झांझिबार पिझ्झा म्हणजे पातळ लाटलेल्या पोळीत सारण भरून, घडी घालून तव्यावर परतलेला प्रकार, त्यात अंडं-खिमा असतो पण भाज्यांचाही करून देतात.

आणि उरोजो. हा प्रकार खाल्ल्याशिवाय यायचं नाही, दुपारी एखाद्या गल्लीतल्या टपरीवर खा, फोरोधानीपेक्षा बरा मिळतो. एका वाडग्यात आधी उकडलेले बटाट्याचे तुकडे, त्यावर दोन-चार डाळीची भजी कुस्करून, मग मोठ्या पातेल्यातून कैरी घातलेला हळदीचा आंबट पातळ रस ओततात, इतका की भजी तरंगायला लागतात, वरून नारळाची चटणी, लाल तिखट आणि मूठभर कुरकुरीत कसावाचा चिवडा. चमच्याने खायचं, पटापट, चिवडा मऊ पडायच्या आत. व्हेज खाणाऱ्यांनी आधीच सांगायचं, न्यामा नको, म्हणजे मांस नको, आणि अंडं म्हणजे यायी, कारण भाजलेल्या मांसाचे तुकडे आणि अंडं दोन्ही त्यात घालायची पद्धत आहे.

व्हेज लोकांनी घाबरायचं कारणच नाही तसं. चपाती सगळीकडे मिळते, नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा म्हणजे महारागे, वाली म्हणजे भात, म्चिचा म्हणजे पालेभाजी, एवढी चार नावं लक्षात ठेवा आणि गावातल्या साध्या खानावळीत बिनधास्त जा, रिसॉर्टच्या जेवणाच्या कितीतरी कमी पैशात पोट भरतं. दार एस सलामच्या किसुटू-उपांगा भागात गुजराती वस्ती जुनी आहे, देवळं आहेत, थाळीही मिळते.

स्टोन टाऊनहून होणाऱ्या छोट्या ट्रिपा. चांगू म्हणजे प्रिझन आयलंड, नावाला तुरुंग पण प्रत्यक्षात तिथे क्वारंटाइन स्टेशन चाललं, आता सेशेल्सकडून आलेली महाकाय कासवं आहेत, त्यांच्या पाठीवर मुलांना बसवू नका. नाकुपेंडा हा वाळूचा दांडा भरतीला पाण्याखाली जातो, म्हणजे तिथली ट्रिप ओहोटीच्या वेळेवरच ठरवायची. जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं, ही जगात फक्त ह्याच द्वीपसमूहात सापडतात, तिथल्या खारफुटीतला लाकडी पूल भरतीच्या वेळी जास्त छान दिसतो. स्पाइस टूर? जायफळावरची लाल जायपत्री, दालचिनीची साल, व्हॅनिलाचा वेल दाखवतात. कोकणातल्या मसाल्याच्या बागा बघितल्या असतील तर वगळा, शहरातली मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस चांगला जातो. किझिम्काझीच्या डॉल्फिन टूरबद्दल माझं मत स्पष्ट आहे, दहा-बारा बोटी एका कळपाच्या मागे लागतात, ते नको. म्नेम्बा बेटाच्या प्रवाळावर स्नॉर्केलिंगला जायचं असेल तर सकाळी लवकरची बोट सांगा, आणि स्टारफिश पाण्याबाहेर काढून फोटो काढणाऱ्या गाइडला तिथेच थांबवा, ते त्यात मरतात.

दार एस सलाम

राजधानी कागदावर डोडोमा, पण देशाचं सगळ्यात मोठं शहर हे. लोक एअरपोर्टवरून थेट फेरीकडे जातात, तुम्ही एक-दोन दिवस द्या. पहाटे किवुकोनीच्या मासळी बाजारात जा, होडीवरून टोपल्या उतरतात, टेबलावर मासा आपटून लिलाव सुरू होतो, बांगडा, कुपा, ऑक्टोपस, मागे मोठाल्या कढयांमध्ये मासे तळणाऱ्यांची वेगळीच दुनिया. जुन्या चपला घालून जा, कॅमेरा आत ठेवा. तिथून जवळच जर्मन काळातलं लुथरन चर्च, आणि थोडं पुढे नॅशनल म्युझियम, ज्यात १९५९ मध्ये ओल्डुवाईला मेरी लीकींना सापडलेल्या आदिमानवाच्या कवटीचं दालन आहे. करियाकू मार्केट बघायचं तर सकाळी, हात रिकामे, खिशात थोडे पैसे.

पोहायला शहरातल्या बीचवर नको. कोको बीच संध्याकाळी तळलेला कसावा आणि मिश्काकी (काडीवर भाजलेलं मांस) खायला चांगला, अंधार पडल्यावर तिथे रेंगाळू नका. पोहायला बोंगोयो किंवा म्बुड्या ही छोटी बेटं, सागरी राखीव क्षेत्रात आहेत, प्रवेश फी वेगळी भरावी लागते. बोंगोयोला म्सासानीच्या स्लिपवेवरून बोट, म्बुड्याला शहराच्या उत्तरेच्या बीचवरून. वीकडेला जा, शनिवार-रविवारी अख्खं शहर तिथे असतं.

फिरायला म्वेंडोकासी, म्हणजे वेगळ्या लेनमधून जाणारी बस, २०१६ पासून चालू आहे आणि ट्रॅफिकमध्ये हाच एक उपाय. रिक्षाला तिथे सरळ बजाजी म्हणतात, गाडी आपलीच, पण मीटर नाही, बसायच्या आधी भाव. बोडाबोडा म्हणजे बाइक टॅक्सी, हेल्मेट नसेल तर नकोच. रात्री अॅपवरून बोल्ट मागवा, रस्त्यात हात करून अनोळखी टॅक्सीत बसू नका, आणि फोन हातात धरून फुटपाथच्या कडेने चालू नका, बाइकवरून खेचतात.

झांझिबारला जायला दोन तासांची फास्ट फेरी, आझाम मरीन आणि झान फास्ट दोन्ही चालतात, परदेशी प्रवाशाला साधारण ३५ डॉलरच्या घरात. तिकीट ऑनलाइन नाहीतर कंपनीच्या खिडकीवरच, बंदराबाहेर आयकार्ड गळ्यात घालून फिरणाऱ्याकडून नाही. पासपोर्ट हातात ठेवा. कुसीच्या महिन्यांत बोट चांगली हलते, गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या आणि मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसा. स्वस्त मिळते म्हणून लाकडी मालवाहू बोटीने जायचं नाही, ते धोक्याचं आहे. विमान वीस मिनिटांचं, पण छोट्या विमानात सामान १५ किलो आणि मऊ बॅग, ट्रॉली नको.

जे थोडे लोक बघतात

बागामोयो, दार एस सलामच्या उत्तरेला सत्तर किलोमीटर. जर्मन पूर्व आफ्रिकेची पहिली राजधानी. १८६८ चं मिशन, काओलेचे तेराव्या शतकातले अवशेष, जुनी गल्ली. एका दिवसात होतं.

किल्वा मात्र माझा जीव की प्राण. दार एस सलामहून दक्षिणेला तीनशे किलोमीटर, बसने अर्ध्या दिवसाच्या वर. किल्वा मासोको गावात उतरायचं, आधी तिथल्या पुरातत्त्व ऑफिसमधून परमिट आणि गाइड घ्यायचा, मग शिडाच्या होडीने समोरच्या किल्वा किसिवानी बेटावर. १९८१ पासून युनेस्कोच्या यादीत. दक्षिणेकडच्या सोफाला बंदराचं सोनं इथून जायचं, १३३१ मध्ये इब्न बतूता इथे येऊन गेला. मोठी मशीद प्रवाळाच्या दगडात बांधलेली, आत कमानींच्या रांगा, ऊन तिरकं झालं की आत जायचं. हुसुनी कुब्वा ह्या चौदाव्या शतकातल्या राजवाड्यात अष्टकोनी हौद आहे, खाली समुद्र. होडीवाल्याला परतीची वेळ विचारून ठेवा, ओहोटी लागली की चिखलातून चालत होडी गाठावी लागते. दोन रात्री राहिलात तर अवशेषांचं दुसरं बेट, सोंगो म्नारा, पण होतं.

माफिया बेट डायव्हिंगवाल्यांचं. दार एस सलामहून विमान अर्धा तास. ऑक्टोबर ते फेब्रुवारी किलिंडोनीच्या बाजूला व्हेल शार्क, एवढा मोठा मासा शेजारून जातो आणि त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. हात लावायचा नाही, समोर जायचं नाही, फ्लॅश नाही, गाइड बोटीने पाठलाग करायला लागला तर नको म्हणायचं. उटेंडे बाजू मरीन पार्कमध्ये आहे, १९९५ पासूनचं, तिथे राहिलात तर रोजची पार्क फी लागते, किलिंडोनीला राहिलात तर फक्त आत जाल त्या दिवशी. चोले बेटावर झाडाला लटकलेली मोठी वटवाघळं आणि जर्मन काळातले अवशेष.

पेंबा बेट म्हणजे हिरवेगार डोंगर आणि लवंग, हंगामात रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या असतात. बीच कमी, डायव्हिंग जबरदस्त, हॉटेलं मोजकी.

पैसे, कागद आणि बाकीचं

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा, साधा ५० डॉलर. सरकारी साइटवरूनच, सर्च केल्यावर वरती येणाऱ्या बऱ्याच साइट एजंटांच्या असतात, दुप्पट घेतात. झांझिबारला ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या सरकारी कंपनीचा विमा सक्तीचा आहे, ४४ डॉलर, तुमचा दुसरा प्रवास विमा असला तरी. आफ्रिकेतल्या दुसऱ्या देशातून येत असाल तर यलो फीव्हरचं कार्ड जवळ ठेवा. मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारून गोळ्या चालू करा, मच्छरदाणी फाटकी असेल तर रूम बदलून मागा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर १ जून २०१९ पासून बंदी आहे, सामानातून काढून टाका.

२०२५ पासून देशात व्यवहार शिलिंगमध्येच करायचा नियम झालाय, डॉलर दाखवून भाव सांगितला तर शिलिंगमध्ये विचारा. एका डॉलरला साधारण अडीच हजार धरा. सगळ्यात मोठी नोट १०,००० ची, म्हणून गठ्ठा होतो. डॉलर न्यायचे तर नवीन, न दुमडलेल्या नोटा. एटीएम शहरांत भरपूर, पाजे-नुंग्वीलाही सापडेल, पण किल्वा, माफिया, पेंबाला जायच्या आधी कॅश काढून घ्या.

झांझिबारला शेअर गाड्या म्हणजे दालादाला, नुंग्वीला ११६ नंबर, ज्यांबियानीला ३०९. स्वस्त, हळू, सामान टपावर, आणि गप्पा भरपूर. घाई असेल तर टॅक्सी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. स्वाहिलीत दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे तिथे एक वाजला, दुपारचे बारा म्हणजे सहा. बसचा माणूस स्वाहिलीत "साआ म्बिली" म्हणाला तर ते सकाळचे आठ आहेत, दोन नाही. तिकिटावरची वेळ बोट ठेवून परत विचारा, सकाळ की रात्र तेही विचारा.

बोलायला थोडं शिका, फार फरक पडतो. बरोबरीच्या माणसाला मांबो, उत्तर पोआ. वयस्कर माणसाला शिकामू म्हणायचं, ते माराहाबा म्हणतात, हे एवढं केलंत की दुकानातली आजी खुर्ची सरकवते. मागे लागणाऱ्या एजंटाला, स्टोन टाऊनमध्ये त्यांना पपासी म्हणतात, हसून हापाना असांते म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबून कारण सांगत बसायचं नाही.

झांझिबार जवळपास पूर्ण मुस्लिम आहे. गावात, बाजारात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाई असो वा बुवा, बिकिनी फक्त बीचवर. रमजान असेल तर दिवसा रस्त्यात खाऊ-पिऊ नका, पाणी सुद्धा आडोशाला, बऱ्याच खानावळी दिवसा बंद असतात, हॉटेलात जेवण मिळतं. पोलीस, लष्कर, बंदर, सरकारी बिल्डिंग यांचे फोटो नकोत. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका.

दहा-बारा दिवस असतील तर मी असं लावेन: दार एस सलाम एक-दोन रात्री, किल्वा दोन, परत येऊन फेरीने स्टोन टाऊन दोन-तीन, मग पूर्व किंवा उत्तर किनाऱ्यावर चार. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत असाल तर किल्व्याऐवजी माफिया. पूर्व किनाऱ्याचे दिवस शक्यतो अष्टमीच्या आसपास टाका म्हणजे सकाळी पोहायला भरपूर पाणी मिळतं, आणि शेवाळाची शेती बघायची असेल तर अमावास्या-पौर्णिमेला. शंख, शिंपले, प्रवाळ सामानात घेऊ नका, बीचवर कोणी विकत असलं तरी, ते बाहेर न्यायला बंदी आहे आणि एअरपोर्टवर बॅग उघडतात. घरी परतायचं विमान दार एस सलामहून असेल तर झांझिबारहून त्याच दिवसाची फेरी धरू नका, वारा असला की फेरी उशिरा सुटते किंवा रद्दही होते, आदल्या दिवशी दुपारीच या आणि रात्र शहरात काढा.